लिव्हरने लावलेली कडी

४ जुलै
सु.चं हिमोग्लोबिन पुन्हा नऊवरच. दोन महिने लोहाच्या गोळ्या, वर बिडाच्या कढईतली लाल माठाची भाजी. ढिम्म फरक नाही. जिना चढताना धापा टाकते आणि म्हणते, वय झालं. माझ्याहून सहा वर्षांनी लहान! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि बायकोला काय झालंय ते कळत नाही. घाबरलोय.

६ जुलै
नवे रिपोर्ट. गंमतच आहे. शरीरात लोह भरपूर, रक्तात मात्र येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठेतरी सूज धुमसतेय. तिचा निरोप पोचला की लिव्हरच्या पेशी हेपसिडिन नावाचं प्रथिन सोडतात, ते लोहाच्या वाटा बंद करतं. जंतू आले असतील तर त्यांना लोह मिळू नये म्हणून. वाडीत चोर आल्याची आवई उठली की कोठीला कडी लावतात, तसं.
पण आवई उठवतंय कोण?

९ जुलै
दात, लघवी, छातीचा फोटो. कुठे काही नाही. सु. वैतागली. "मी काय तुमच्या प्रयोगशाळेतला बेडूक आहे?" वाचत मात्र राहिलो. सुजेचा तोच निरोप मिळाला की लिव्हरच्या पेशी रोजचं अल्ब्युमिन कमी करतात, सुजेत लागणारं सीआरपी ढीगभर. कारखाना तोच, माल दुसरा. कसलं डोकं आहे!

१३ जुलै
पेटी दुरुस्त करणारा येऊन गेला. भाता गळतो असं सांगून सु.ने कधीपासून आरतीला पेटी घेतलेली नाही. त्याने उघडून बघितली. "गुरुजी, भाता बरा हाय. ह्याला कायव झालेला नाय."
सु. आत निघून गेली.

१४ जुलै
सकाळी मुद्दाम तिच्याबरोबर उठलो. पेज वाढून घेतली, प्यायली नाही. दोन्ही हातांत गरम वाडगा धरून बसली, निवेपर्यंत. मग एकेक बोट सोडवलं. रोज हेच करत असणार. मला वाटायचं, पेज गार करतेय.
विचारलं. म्हणाली, "सकाळी बोटं वळतच नाहीत हो. म्हटलं, गणपती होऊ देत. डॉक्टरांनी पेटी बंद केली म्हणजे?"
मलाच रडू आलं.

१६ जुलै
डॉक्टरीणबाईंना सांध्यांच्या वाताचा संशय. रक्त तपासायला गेलंय. सूज निवली तर कडीही निघेल म्हणाल्या. पेटीचं विचारलं, तर आत्ताच काही सांगता यायचं नाही.
संध्याकाळी सु.ने पेटी काढायला लावली. म्हणाली, "भाता तुम्ही मारा." तीन सूर नीट लागले. चौथ्यावर बोट अडलं. मी भाता मारत राहिलो.