कृपा आधी, अक्कल नंतर

३ मार्च, रविवार

उपासनेनंतर चर्चच्या पंचांनी बोलावलं. कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या वर्गाला दिलेल्या माझ्या व्याख्यानातलं एक वाक्य त्यांना खुपतंय — ‘विश्वास ठेवण्याआधी कारण विचारणं हे पाप नाही.’ मागे घ्या, नाहीतर पुढच्या रविवारी प्रभुभोजनाची भाकरी नाही!

मधल्या खुर्चीत दादा. माझा सख्खा भाऊ, आणि आमच्या चर्चचा धर्मगुरू, पाळक.

“माणसाची बुद्धीच पतित आहे, बाई. ती देवाला काय तोलणार?”

“मग शास्त्र कशाने वाचतोस? गुडघ्याने?”

एक पंच हसला. मग खोकला आल्यासारखं केलं.

आम्ही रिफॉर्म्ड पंथाचे प्रोटेस्टंट. कृपा आधी, अक्कल नंतर. मलाही मान्य आहे! पण कृपा झाली म्हणून अक्कल गहाण टाकायची? आणि ‘का’ विचारायला लावतो तोही देवच, असं का नसावं?

६ मार्च, बुधवार

दादाचा फोन.

“धर्मशास्त्र मालकीण, तत्त्वज्ञान मोलकरीण. तुझी मोलकरीण फार बोलायला लागलीय.”

“रजेवर पाठवून बघ. भांडी कोण घासतं ते कळेल.”

पूर्वी अशावर खो खो हसायचा. आज म्हणाला, “वाक्य मागे घे गं. हात जोडतो.”

७ मार्च

नाही घेतलं.

१० मार्च, रविवार

आमच्याकडे भाकरीचं ताट बाकावरून हातोहात येतं. डावीकडच्या शिंपीणबाईंनी तुकडा घेतला, ताट माझ्या हातात दिलं. मी तसंच पुढे दिलं. किती हलकं असतं ते! पलीकडच्या बाईंनी माझ्याकडे न बघता घेतलं. दादानेही व्यासपीठावरून पाहिलं नाही.

घरी येऊन जेवले. कुणीतरी बोलावं म्हणून रेडिओ लावला. हवामान सांगत होते. तेही ऐकलं.

११ मार्च

रागही येत नाही. शिकवलं, परत आले, झोपले.

१६ मार्च, शनिवार

दादा आला. घरभेटीला पाळकाबरोबर पंच हवाच, हा नियम त्याचाच — आणि आला एकटा. मी कंबर कसूनच बसले. पण तो टेबलाकडे बघत म्हणाला, “वर्ष झालं, मला प्रार्थना करता येत नाही. काही घडलं नाही गं. नुसती थांबली. तुझ्याकडे विश्वास ठेवायची ती कारणं आहेत ना... सांग. पहिल्यापासून.”

सांगायला लागले. वर्गात सांगते तसं, क्रमाने. तिसऱ्या मुद्द्याशी अडले.

दादा म्हणाला, “पुढे?”