भवरगडचा गुळोबा

सोमवार, २ फेब्रुवारी १९३१. नागाव

डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलायला बंदी केली आहे. कुजबुजायचंसुद्धा नाही! मुलींच्या शाळेत आयुष्यभर ओरडल्याचं फळ. बोलल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून ही वही.

केसर कोळीण मासळी घेऊन आली. पाटीवर लिहावं तर तिला वाचता येत नाही. खुणा केल्या. ती हसून हसून खालीच बसली. "देवानंच तोंड बांधलान बाई तुमचं! पोरी सुटल्या."

उद्धट! बांगडे मात्र ताजे होते.

मंगळवार, ३

गडावर जाऊन आले. बोलू नका म्हणाले, चढू नका नाही म्हणाले.

भवरगडाचं आता उरलंय काय — दरवाजाची एक बाजू, अर्धा बुरूज, कोरडं टाकं. बाकीचं फिरंग्यांनी तोफा लावून पाडलं. वर गेलं की मी त्याला दटावते — विस्कटल्या केसांनी शाळेत आलेल्या मुलीला दटावावं तसं. काय ही दशा! अंगावर झाडं काय उगवू दिलीस! आज मनातल्या मनात दटावलं.

बुरुजाखाली गुळोबा. अर्धा जमिनीत, वर शेंदराचे थर. तो फिरंग्यांच्या तोफेचा गोळा, असं मी सगळ्यांना सांगत आले. गोळ्याचा गोळोबा, गोळोबाचा गुळोबा — आणि म्हणून बिचाऱ्याला गूळ! गावातली प्रत्येक नवरी हळदीआधी त्याच्यापुढे गुळाचा खडा ठेवते. शत्रूच्या गोळ्यापुढे! मला हसू येतं. आणि दर वेळी मीही ठेवते.

शुक्रवार, ६

पुतण्या सदा आला. मुंबईला म्युझियममध्ये असतो. "आत्या, तुझा तोफगोळा न्यायला आलोय. परवानगी काढलीय." दिवाळीत मीच त्याला कौतुकानं सांगितलं होतं.

केसर दारातच होती. तिच्या जनीचं लग्न बुधवारी. मासळीची टोपली आपटली तिनं. "न्या की! माझी जनी बोहल्यावर उभी ऱ्हायची न्हाय, सांगून ठेवते."

"मावशी, लोखंड आहे ते."

"तुमाला लोखंड. आमचा देव हाय."

मी पाटीवर लिहिलं — नेऊ नकोस. सदा म्हणाला, "लोकांना खरं कळायला हवं, हे तूच शिकवलंस ना?" उत्तर होतं. पाटी पुरली नसती.

शनिवार, ७

सदाशी अबोला धरला. त्याच्या लक्षातही आलं नाही!

रविवार, ८

गडावर गेलो. सदानं पहारीनं गुळोबा मोकळा केला. जनी आईचा पदर धरून उभी. सदा चाकूनं शेंदूर खरवडू लागला. जाड जाड पापुद्रे निघत गेले. मग थांबला.

"आत्या, लोखंड नाही. दगड आहे."

गोळाच नव्हे तो. रगड्याचा दगड — वाटण वाटायचा! खालून झिजून गुळगुळीत, वर बाईचा तळवा बसेल एवढा खोलगट. तोफा लागल्या त्या सकाळीही कुणीतरी त्यानं खोबरं वाटत असेल. मग गुळोबा नाव कशावरून? मला ठाऊक नाही.

"असले घरोघर आहेत," सदा म्हणाला. "साहेब हसतील मला."

केसरनं खोलगट जागेत तळवा टेकला. बसला. ती रडायला लागली. मीही.

सोमवार, ९

सदाला दिलं — बोटीवर खायला दशम्या.

जनीच्या हवाली केला — दगड, धुऊन पुसून. सोबत माझ्या घरची ओंजळभर हळकुंडं. तिनं मागितली. तिची हळद गडावर, गुळोबाखालीच वाटायची आहे.