घंटा वाजवणाऱ्यास शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : माझ्या मागील दोन अर्जांवर आलेले "नियमानुसार कार्यवाही करावी" हे एका ओळीचे उत्तर.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मी टेकडीखालच्या शाळेत सव्वीस वर्षे शिपाई असून घंटा वाजवणे व फाटक उघडणे-लावणे ही माझी कामे आहेत. गेल्या महिन्यात शाळेने निर्वासित मुलांसाठी मदतमेळा भरवला. जुन्या बसडेपोत राहणारी अकरा मुले आपल्या शाळेत बसवायची, त्यांना बाक व वह्या घ्यायच्या, असे ठरले होते. पालकांनी हात सैल सोडला, पोरांनी गल्ले फोडले.

२. मेळ्याला ती मुले आणण्याचे काम मजकडे होते. आया सोडीनात. मुख्याध्यापिका बाईंच्या भरवशावर मी शब्द दिला, "सोमवारपासून पोरं शाळेत. माझ्यावर सोडा." त्यातल्या आठ वर्षांच्या मुलीला, जिला सगळे चिमणी म्हणतात, मंचावर माझी घंटा वाजवायला लावली. बाईंनी तिला जवळ घेऊन "ही आपलीच लेकरं" म्हटले. लोकांचे डोळे पाणावले, माझेसुद्धा.

३. सोमवारी अकराही मुले भांग पाडून फाटकाशी हजर. बाई म्हणाल्या, "आधीची शाळा सोडल्याचा दाखला असल्याशिवाय आत घ्यायचं नाही." महोदय, या मुलांनी शाळा सोडलेली नाही, ती जळाली. सही करणारे हेडमास्तर कुठे आहेत, कोणाला ठाऊक नाही. हे मेळ्याआधी सुचले नव्हते काय? फाटक मलाच लावावे लागले. चिमणीला वाटले, उशीर झाला म्हणून लावले. दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी येऊन बसली. तेव्हापासून रोज येते.

४. नवे अकरा बाक सभागृहात आहेत. प्रत्येकावर "निर्वासित बालकांस सप्रेम भेट" अशी पाटी असून त्या बाकांवर बसून पालक समिती चहा पिते. गरज सरो, वैद्य मरो! परक्याने फसवले असते तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण माझ्याच शाळेने माझा केसाने गळा कापला. डेपोतल्या आया आता मला पाहिले की पोरांना आत ओढतात.

५. तरी एक उपाय सुचला. नियमाला दाखला हवा, आणि दाखला शाळा सोडणाऱ्याला मिळतो. मी शाळा सोडत आहे. सबब मला तो द्यावा व नावाच्या रकान्यात चिमणीचे खरे नाव घालावे, ते तिला स्वतःला लिहिता येते. उरलेल्या दहांपैकी दोघांसाठी सफाईवाल्या मावशी व माळीबुवा राजी आहेत. आठ कमी पडतात. आपल्या कार्यालयात कोणी सोडणारे असल्यास कळवावे.

६. बाकीचे रकाने मी भरले आहेत. वर्तणूक : चांगली. हजेरी : रोज, फाटकाबाहेर. शाळा सोडल्याचे कारण : तिचे व माझे एकच, शाळा उरली नाही.

आपला नम्र,
फाटक लावणारा शिपाई

दिनांक : फाटक लावले त्यानंतरचा पाचवा सोमवार

सोबत :
१. दाखल्याचा नमुना, भरलेला.
२. फाटकाची किल्ली. ज्याला द्याल त्याला सांगावे, सकाळी जरा जपून उघड, पायरीवर मुलगी बसलेली असते.