पंपाची मागची बाजू

४ फेब्रुवारी

आज खोटं बोलले.

पाणी आणि मूत्रपिंडाचा कॅन्सर यांचा अभ्यास करणाऱ्या ताई आल्या होत्या. ह्यांना त्याच आजाराने जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून आमचं घर त्यांच्या यादीत. माझी आणि मुलाची थुंकी नळीत घेतली. मुलगा म्हणाला, "जन्मभर आई ओरडते, थुंकू नकोस! आणि आज म्हणते, अजून थोडं!" ताई हसल्या. मीही हसले.

मग त्यांनी कागद काढला. "अंगणातला हातपंप कधी लाल रंगवला होता का?"

"नाही. पहिल्यापासून हिरवाच."

मुलाने मान डोलावली. त्याला काय माहीत! त्या वर्षी तो मावशीकडे शिकायला होता.

५ फेब्रुवारी

लिहून टाकते. कागदाला तरी.

एकोणीस वर्षांपूर्वी पाणी तपासणारे आले. गल्लीतले सगळे पंप हिरवे झाले, आमचा एकटाच लाल. लाल म्हणजे पाण्यात आर्सेनिक – पिऊ नका. "शेजारून पाणी आणा, बाई." शेजार म्हणजे मोठ्या जाऊबाई! मधल्या भिंतीवरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलेलं. भाऊ भावाचं तोंड बघत नव्हता. आणि आदल्याच आठवड्यात त्या चारचौघींत म्हणाल्या होत्या, "येईल की एक दिवस माझ्या दारात, भांडं घेऊन."

जाणार होते थोडीच मी!

खिडक्यांचा हिरवा रंग उरला होता. हे दुकानातून यायच्या आत पंप रंगवला. ह्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तपासणीवाल्यांनी रंगवला." पाणी कसं काचेसारखं, चवीला गोड. त्यात विष आहे हे मनाला पटलंच नाही. की पटवून घ्यायचं नव्हतं?

मागच्या बाजूला, भिंतीकडे, रंग पुरला नाही. तिथे हातभर लाल तसाच राहिला. हे दरवर्षी पंप खोलून वायसर बदलायचे, तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचे नाही. कधी काही बोलले नाहीत. दिसलं नसेल, असं धरून चालले. मी स्वतः त्या बाजूला पुन्हा वाकून पाहिलं नाही.

१२ फेब्रुवारी

ग्रंथालयातून पुस्तिका आणली. मांडीवर कोश घेऊन बसले. चार पानांना तीन दिवस लागले.

मीही तेच पाणी प्यायले, मला काही झालं नाही, मग पाण्याचा दोष कसा? – दोन वर्षं ह्याच आधारावर जेवले, झोपले. आज तोही गेला. आर्सेनिक पोटात गेलं की शरीर त्याचं रूप पालटून लघवीवाटे बाहेर टाकतं. कुणाचं शरीर हे झटपट करतं, कुणाचं रेंगाळत. त्यात आईबापांकडून आलेल्या जनुकांचा वाटा असतो. म्हणजे पंप एक, तांब्या एक, धोका मात्र निराळा.

माझ्या अंगाने टाकून दिलं असेल. ह्यांच्यात राहिलं असेल.

आणि मुलगा! नखांपासून चालीपर्यंत बापावर गेलेला.

२६ फेब्रुवारी

दूध उतू गेलं, भाजी करपली. सांगायचं आजही राहिलं.

१८ मार्च

ताईंचा फोन. मुलाची जनुकं रेंगाळणाऱ्या गटातली निघाली. ज्यांची जनुकं अशी आणि घरचं पाणीही वाईट होतं, त्यांची दरवर्षी मूत्रपिंडाची तपासणी करणार आहेत. "पण तुमचा पंप हिरवा होता ना, मग त्याला नाही बोलवत. तुम्ही काळजी करू नका."

तपासणीची जुनी वही वाळवीने खाल्ली. पंप आटून सात वर्षं झाली. आता साक्षीला फक्त माझी जीभ.

मी काय म्हणाले? "बरं" म्हणाले! फोन ठेवला आणि तांदूळ निवडत बसले. आई म्हणवते स्वतःला.

१९ मार्च

सांगितलं. मुलगा दुकानात निघाला होता, एक पाय चपलेत. सगळं ऐकून घेतलं.

"काकूच्या दारात जायला नको म्हणून?"

"हो."

दुसरी चप्पल घातली आणि गेला. चहा तसाच.

मग ताईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. म्हणाल्या, "एका माणसाला कशामुळे झालं ते नाही सांगता येत, मावशी. पण मुलाचं नाव घालते. पाच तारखेला पाठवा. काही खूण आहे का लाल रंगाची?"

"मागच्या बाजूला आहे. अजून असेल."

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "सकाळी फोटो काढतो." तेवढंच बोलला. पण जेवला.

२० मार्च

मुलगा पंपामागे वाकला. "आई, इथे लाल नाहीये. निळं आहे."

एकोणीस वर्षांनी मीही वाकले. आपल्या दुकानाच्या दाराचा निळा – ह्यांनी दोन डबे मिसळून केलेला, दुसऱ्या कुणाकडे नाही तो. नखाने खरवडलं. खाली लाल.

मी सोडली होती तेवढीच जागा. नीट, एक ओघळ न पाडता.