सतीशच्या उपरण्यावरचा बिल्ला

केडगाव, रविवार, संध्याकाळ

सतीशच्या वास्तुशांतीला जाऊन आलो. किरणोत्सारी कचरा साफ करून बंदिस्त ठेवायला जाड काँक्रीटच्या खोल्या बांधायचं टेंडर आम्ही दोघांनीही भरलं होतं. मिळालं त्याला. एकेकाळी माझाच मुकादम! ओळंबा धरायला मी शिकवलं त्याला.

आज पूजेला बसला तरी उपरण्याला साइटचा बिल्ला टोचलेला. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा. पाहुणे वाकवाकून बघत होते. अरे, तो बिल्ला गेटवरच काढून ठेवायचा असतो, घरी आणायचा नसतो. टेंडरच्या कागदांत लिहिलंय, मी तीनदा वाचलंय. त्याला कानात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पकडला जावा असं वाटलं का मला? वाटलं.

जेवणानंतर हात धुताना भिजू नये म्हणून त्याने तो बिल्ला माझ्याकडे दिला. तो नळाकडे वळला, आणि मी काय करावं? माझ्याच शर्टाला लावला. तेवढ्यात त्याची आई आली. म्हणाली, "तुलाबी मिळालं व्हय रं काम?"

हो म्हणालो.

म्हातारीने कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. माझी!