भिंतीकडची खुर्ची

१२ मार्च, दुपार

प्रिय अक्का,

नमस्कार. वाकून केलाय असं समज, प्रत्यक्षात खुर्चीतूनच केलाय. माझी तब्येत ठणठणीत आहे. जिन्यावरून घसरलो तेव्हाचं पायाचं दुखणं पार गेलं. इथे सगळं छान आहे. मुलगा काळजी घेतो, सूनबाई चहात साखर घालत नाही, म्हणजे तीही काळजीच घेते. खोलीत भरपूर उजेड आहे. खिडकी उघडत नाही, पण तिची काच चांगली आहे. जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या, तेवढं मला कळतं.

पत्र पाहून तू चकित होशील. मला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून मुलगा तो स्पीकरवर लावून मधोमध ठेवतो आणि मग तू नि मी हवापाण्याचं बोलत बसतो. म्हटलं, त्यापेक्षा लिहावं.

आधी गंमत सांगतो. परवा शनिवारी या दोघांनी मला जपानी जेवायला नेलं. तेप्पान्याकी म्हणतात त्याला. तिथे टेबल म्हणजेच तवा! पलंगाएवढा लोखंडी तवा, त्याच्या एका बाजूला आपण रांगेत बसायचं आणि समोरच्या बाजूला स्वयंपाकी उभा. आपल्या देखत शिजवतो आणि आपल्या ताटात ढकलतो. सगळ्यांची तोंडं तव्याकडे, त्यामुळे शेजारच्याचा चेहरा दिसतच नाही, दिसतो तो त्याचा हात आणि ताट. मला मानाची म्हणून कोपऱ्यातली, भिंतीकडची खुर्ची दिली. उजवीकडे भिंत, डावीकडे मुलगा, समोर तापलेलं लोखंड. बाथरूमला जायचं तर अख्खी रांग उठवावी लागली असती, म्हणून मी पाणीच प्यायलो नाही.

स्वयंपाकी चाळिशीचा असेल. डोक्यावर उंच टोपी, नाकावरून घसरणारा चष्मा. उजव्या दांडीचा स्क्रू सैल झाला होता, माझं निम्मं लक्ष तिकडेच. पण हाताला काय वेग! दोन उलथन्यांची खडखड चालली होती. कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यातून जाळ काय काढला, लसूण घातलेला भात हवेत काय उडवला! तुझ्या स्वयंपाकघरात एवढी आदळआपट तू चिडल्यावरच होते.

मग त्याने अंड्याची पोळी केली, तिचे छोटे तुकडे केले आणि उलथन्याने एकेकाच्या तोंडात उडवायला लागला. आपण आ करून झेलायचं. सूनबाईने पहिल्या फटक्यात झेलला. मुलाच्या गालावर आपटला. मी खूप हसलो, खोटं कशाला सांगू.

तव्याच्या पलीकडच्या टोकाला एक जोडपं बसलं होतं. मला वाटलं, परके असतील. तर मुलगा म्हणाला, "बाबा, यांची ओळख राहिली. हे आपलं घर घेतायत, खालच्या दुकानासकट. पुढच्या महिन्यात तुमच्या सह्या झाल्या की संपलं. आता कायमचं इथे, आमच्याजवळ!" त्या गृहस्थांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. त्यांची बायको म्हणाली, "दुकानाची भिंत पाडून आम्ही मोठा हॉल करणार आहोत."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं, अक्का. स्वयंपाक्याला वाटलं, माझी पाळी आली. तुकडा नेमका जिभेवर येऊन पडला. टाळ्याच टाळ्या! मुलाने पाठ थोपटली, "वा बाबा, काय झेललंत!" जीभ भाजली होती, पण थुंकणार कुठे, तव्यावर? लोक मूग गिळून बसतात, मी अंडं गिळून बसलो. ते घशाखाली उतरेपर्यंत चौघांचे ग्लास एकमेकांना लागून झाले होते.

आता मुलगा ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगतो. घराची बातमी ऐकून बाबांनी आनंदाने आ केला म्हणे.

इथेच पत्र संपवणार होतो. खाली सहीसुद्धा करणार होतो. पण मग तुला लिहायला बसलोच कशाला?

निघताना मुलगा गाडी आणायला गेला. मी आणि सूनबाई दाराशी उभे होतो. स्वयंपाकी टोपी काखेत मारून बाहेर आला. म्हणाला, "काका, चटका बसला का हो? माफ करा. तुम्ही तेव्हा काहीतरी बोलणार होतात ना?" त्या सगळ्या मंडळीत माझा चेहरा समोरून दिसला होता तो त्या एकाला. सूनबाईही माझ्याकडे बघायला लागली. थांबली ती, अक्का. मी काय म्हणतो याची वाट बघत थांबली.

मी म्हटलं, "छे छे, कुठे काय! तो चष्मा द्या इकडे." खिशात बारीक स्क्रू ड्रायव्हर असतोच. स्क्रू आवळून दिला आणि गाडीत जाऊन बसलो.

तेव्हा माझं तोंड रिकामं होतं. अंड्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

मुलगा वाईट असता तर किती सोपं झालं असतं. मी घसरलो तेव्हा हातातलं काम टाकून धावत आला, दवाखान्यात माझा हात धरून लहानपणीसारखा रडला. अशा माणसाला "मला तुझ्याकडे राहायचं नाही" हे कुठल्या तोंडाने सांगू?

पण मला इथे राहायचं नाही. मला घर विकायचं नाही. घ्या, लिहून टाकलं. मला सकाळी माझ्या दुकानाचं शटर वर करायचंय. इथे माझा जीव गुदमरतो. दिवसभर काम काय, तर सूनबाईचा जुना चष्मा पुसायचा. काल म्हणाली, "बाबा, झिजेल हो तो."

खालचं मोठं दार कार्डाने उघडतं. कार्डं दोन, ती त्या दोघांकडे. बाहेर पडता येतं, पण परत आत येता येत नाही, म्हणून मी पडतच नाही. आज पडणार आहे. टपालपेटी रस्त्यापलीकडे आहे, खिडकीतून दिसते. पत्र टाकीन आणि सूनबाई कामावरून येईपर्यंत पायरीवर बसेन. तिने विचारलं तर सांगेन, अक्काला पत्र टाकायला गेलो होतो.

येत्या रविवारपर्यंत हे पोचणार नाही. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी फोन कर. दोघंही घरात असतात, फोन मधोमध असतो. मला समजावू नकोस, त्याला झापू नकोस. मला एवढंच विचार, "तुला घर विकायचंय का रे?" आणि गप्प बस. मी बोलेपर्यंत गप्प बस. तुला हे आजवर कधी जमलेलं नाही, मला ठाऊक आहे. एकदा माझ्यासाठी जमव.

चहा, नाश्ता मी आधीच उरकून घेईन.

तोंड रिकामं ठेवून तुझी वाट बघणारा,
तुझा धाकटा