एक बटण कमी आहे

बुधवार, १२ फेब्रुवारी
दुपार

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. फोन सोडून वहिनीने एवढी लांबलचक ई-मेल का लिहिली, म्हणून भुवया उंचावू नका. तुमचे दादा शेजारच्या खोलीत पडलेत आणि त्यांचे कान शाबूत आहेत. अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलणं गेलं, ऐकणं मात्र दुप्पट झालंय.

आधी तुमच्या प्रोग्रामबद्दल. तो चित्रांच्या बटणांचा प्रोग्राम आपल्या घरी झकास चालतो. यांनी कपाच्या चित्रावर बोट ठेवलं की "चहा हवा", आणि तोही तुमच्या आवाजात. तुम्हा दोघा भावांचा आवाज इतका सारखा, की पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरातून "आणते हो" म्हणून ओरडले आणि मग ओट्याला धरून उभी राहिले. असो.

आता हे काही दिवस तुमच्या ताईंकडे राहणार आहेत. का, ते सांगते, धीर धरा. तिथे प्रोग्राम चालला नाही तर हे पुन्हा मुके. आणि ताईंचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. यांनी चहा मागितला नाही, तर आठ दिवस चहा द्यायच्या नाहीत. म्हणून मीच कंबर कसली. तुम्ही सांगितलं होतं ना, की खिडकी, बटणं, आवाज सगळं त्या क्यूटी नावाच्या सांगाड्यावर उभं असतं, तो आधी बसवायचा, मग प्रोग्राम? म्हटलं, त्यात काय! घरी टाकली होती तीच ओळ ताईंच्या लॅपटॉपवर टाकली. "कमांड सापडली नाही." पुन्हा टाकली, पुन्हा तेच. ताई मागे उभ्या. "तुला येतंय ना नक्की?" भाऊजी, अस्सं डोकं फिरलं!

मग लक्षात आलं, लिनक्स दोन्हीकडे असलं तरी आपलं डेबियन आणि त्यांचं फेडोरा. सामान तेच, दुकानदार वेगळा. आपल्याकडे एपीटीकडे मागायचं, त्यांच्याकडे डीएनएफकडे. नाव बदलून मागितल्यावर निमूटपणे सगळं आलं. ताई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं देव जाणे.

तिसरी जागा म्हणजे यांचं व्यायामाचं केंद्र. तिथल्या संगणकवाल्याला नव्याची भारी हौस, त्याने आर्च नावाचं तिसरंच लिनक्स घालून ठेवलंय. तिथला दुकानदार पॅकमन. खिडकी उघडली, चित्रं आली, मी खूश. यांनी कपावर बोट ठेवलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, आणि माझ्याकडे पाहिलं. आवाजाचा भाग तिथे वेगळा मागावा लागतो, हे शोधेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. मग एकदम "चहा हवा" असं खोलीभर घुमलं, आणि तिथल्या बाई खरंच चहा घेऊन आल्या. हे हसले. अर्ध्याच चेहऱ्याने हसतात, पण मला तेवढं पुरतं.

आता मुद्द्याचं. इतका वेळ दुकानदारांच्या गप्पा मारत बसले, कारण हे लिहायला हात धजत नव्हता.

काल मी जेवायला वाढत होते. संगणकातून आवाज आला, "दुखतंय". धावले. पाय? खांदा? हे नुसती मान हलवत राहिले. मग चांगला हात उचलून बोट माझ्याकडे केलं, आणि पुन्हा तेच बटण दाबलं. "दुखतंय." मी म्हटलं, "काही नाही हो, जेवा." आणि वाटी आणायच्या निमित्ताने आत पळाले.

दुखतंय, भाऊजी. पोटात गाठ आहे. सोमवारी दाखल व्हायचंय, मंगळवारी ऑपरेशन. कसली गाठ आहे ते काढल्यावरच कळेल म्हणतात. ताईंना सांगितलंय, त्या रडल्या, मग मलाच ओरडल्या. यांना सांगितलं नव्हतं. आज चहाच्या वेळी सांगणार आहे. माझ्याकडे बोट दाखवणाऱ्या माणसापासून लपवायचं तरी काय? मला भीती वाटतेय, खूप वाटतेय.

तुमच्याकडे एक काम आहे. चहा, पाणी, पंखा, दुखतंय, सगळी बटणं मागण्यांची आहेत. तुम्हाला दोष देत नाही, यादी मीच दिली होती. पण मी दवाखान्यात असताना ताई फोन लॅपटॉपसमोर धरतील, तेव्हा हे काय दाबतील? मला फोनवर "पंखा लाव" ऐकायचं नाहीये.

"कशी आहेस?" एवढं एक बटण हवंय. फार गोड आवाज काढू नका, हे कधीच गोड विचारायचे नाहीत. कामावरून आल्यावर बूट काढता काढता, वर न बघता, जरा वैतागून विचारायचे. तुम्ही आमच्याकडे राहून शिकत होतात तेव्हा रोज ऐकलंय. तस्संच म्हणा.

तिन्ही संगणकांवर मी घालीन, आता येतं मला. फक्त सोमवारच्या आत पाठवा.

उत्तर काय द्यायचं ते ठरवून बसलेली,
तुमची वहिनी